संगणकाची रात्र, आपली वाट

अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिला, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' उभी राहिली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या चमूने 'परम ८०००' तयार केला. तेव्हा संगणक म्हणजे एसी खोलीतलं, चपला बाहेर काढून बघायचं यंत्र! पुढे हिंजवडी, खराडीत आयटी कंपन्या आल्या आणि लेकीसुनांना शिक्षणाला साजेशी नोकरी पुण्यातच मिळू लागली.

पण संगणकाने कामाचं घड्याळही बदललं. अमेरिकेत दिवस उजाडतो, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते. म्हणजे रात्रपाळी आलीच. नोव्हेंबर २००७ मध्ये कामावर निघालेल्या बीपीओतल्या तरुणीवर कंपनीने ठरवलेल्या गाडीच्याच चालकाने साथीदारासह बलात्कार करून तिचा खून केला. ऑक्टोबर २००९ मध्ये खराडीहून घरी निघालेल्या संगणक अभियंता तरुणीचाही तसाच अंत झाला.

'मुलींनी रात्री कामाला जावंच कशाला?' हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. खरा प्रश्न वेगळा आहे. तिला सुखरूप घरी पोचवायची जबाबदारी कोणाची?

राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ती मालकावर टाकली. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला काम द्यायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि घराच्या दारापर्यंत वाहन हवं. चौकापर्यंत नव्हे, दारापर्यंत!

मैत्रिणींनो, नेमणूकपत्रातला पगाराचा आकडा आपण दोनदा वाचतो. रात्रपाळीची आणि गाडीची अटही तशीच वाचायला हवी, नाही का?