बागेच्या फाटकावरचा पहारा

लहान मुलीवर अत्याचाराची बातमी आली की दोन दिवसांत एक मागणी हमखास ऐकू येते. असल्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना बागेत, मैदानावर, जत्रेत, समुद्रकिनाऱ्यावर पाऊलच ठेवू देऊ नका! अमेरिकेत तसे कायदे आहेत ना, मग आपल्याकडे का नकोत? मागणाऱ्याचा राग खरा असतो. पण मंडळी, रागाच्या भरात आपण पहारा भलत्याच दारावर बसवतो आहोत.

आपल्याकडे असा बागबंदीचा कायदा नाही. २०१८ साली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, ती फक्त पोलीस आणि तपासयंत्रणांसाठी. माणसाला जागेवरून हुसकावण्याचा आपला जुना उपाय म्हणजे तडीपारी. मध्य प्रदेशात तिला जिल्हाबदर म्हणतात. त्यासाठी १९९० चा राज्य सुरक्षा कायदा आहे. या उपायाची गंमत पाहायची तर पांढुर्ण्याला चला.

पांढुर्णा म्हणजे आपल्यासारखंच महाराष्ट्राबाहेर राहिलेलं मराठी गाव. २०२३ साली सौंसरसह त्याचा वेगळा जिल्हा झाला. सीमेपलीकडे लगेच आपलं वरूड, नरखेड. आता पांढुर्ण्यातून हाकललेला माणूस जाणार कुठे? मध्य प्रदेशचा हुकूम महाराष्ट्रात चालत नाही. म्हणजे तो वरूडच्या बाजारात मोकळा! पांढुर्ण्याच्या पोरी सुरक्षित, आणि वरूडच्या?

याच गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड भिरकावतात. जमावबंदी लावून झाली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन झाले. दगड काही थांबले नाहीत. वर्षातला एक दिवस, एक नदीकाठ, वेळ सगळ्यांना ठाऊक, तरी जिथे बंदी पाळली जात नाही, तिथे बारा महिने प्रत्येक बागेच्या फाटकावर चेहरे ओळखत कोण बसणार?

अमेरिकेने तरी काय साधलं? २०१३ साली लॉस एंजेलिसच्या हार्बर गेटवे भागात एक इवलीशी बाग केली गेली. बागेजवळ राहायची अशा गुन्हेगारांना बंदी, म्हणून त्यांना तिथून उठवायला ती बाग! मायामीत तर अंतराचे नियम इतके कडक झाले की शिक्षा भोगून आलेली माणसं काही वर्षं एका पुलाखाली तंबू ठोकून राहिली. घर नाही, शेजार नाही. अशा माणसावर लक्ष ठेवणं सोपं की कठीण, तुम्हीच सांगा.

आणि आता आपल्या दाराशी या. गोव्याला हादरवणारा फ्रेडी पीट्स बागेच्या कुंपणामागे लपून बसला नव्हता. तो मडगावात अनाथ मुलांचा आश्रम चालवत होता. १९९१ साली अटक होईपर्यंत लोकांच्या लेखी तो परोपकारी गृहस्थ होता. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. बागबंदीच्या कायद्याने त्याचं काय वाकडं झालं असतं? मुलं त्याच्याच छपराखाली होती! बलात्काराच्या गुन्ह्यांत दरवर्षीची सरकारी आकडेवारी हेच सांगते: नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. काका, शेजारी, मास्तर. त्याला फाटक लागतच नाही.

मग काय, त्यांना मोकाट सोडायचं? मुळीच नाही. शिक्षा झालेल्या माणसाला मुलांवर अधिकार गाजवता येईल अशी एकही खुर्ची मिळता कामा नये. शाळा, वसतिगृह, शिकवणी, क्रीडा प्रशिक्षण, कुठेच नाही. खरा प्रश्न बाकावर कोण बसतो हा नाही, मुलांच्या चाव्या कोणाच्या हाती आहेत हा आहे. आणि यासाठी नवा कायदाही नको. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघर, क्रीडा संस्था यांना प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करावीच लागते. गोव्याने तर २००३ सालीच आपला बाल कायदा केला.

तुमच्या मुलाच्या शाळेतल्या शिपायाची, बसवाल्याची, फुटबॉल शिकवणाऱ्या सरांची पडताळणी शेवटची कधी झाली? विचारलंत कधी? उद्या विचारा. मुख्याध्यापकांना राग आला तर येऊ द्या. बागेत पाटी लावणं सोपं असतं, कारण पाटीला कोणी उलट प्रश्न विचारत नाही.