पावसात कुठं ठेवणारस?

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे, नाव ‘बोट_फायनल_३’. चौदा कॉलम. लांबी, केबिन किती, आत ताठ उभं राहता येतं का, फ्रीज, सोलर, किंमत. शिडाची बोट घेऊन तिच्यावरच कायमचं राहायचं, तिथूनच काम करायचं, या बेतापायी दीड वर्ष ती भरतोय. पैसे म्हणाल तर फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले. घरी अजून सांगितलेलं नाही.

डिसेंबरात मिरकरवाड्यातल्या ओळखीच्या एका तांडेलमामांना तिच्यातल्या बोटींचे फोटो दाखवले. त्यांनी मोबाइल हात लांब करून पाहिला आणि म्हणाले, “झकास आहे रे. पण पावसात कुठं ठेवणारस?”

चौदा कॉलमांत पाऊस नव्हता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात मी वाढलो, आणि माझ्या शीटमध्ये पाऊस नव्हता! कारण ती शीट मी यूट्यूब बघून बनवली होती. तिथे समुद्र बाराही महिने निळा असतो.

बोट निवडण्याची ही आपली पद्धतच चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. आपण बोट फ्लॅटसारखी निवडतो: बजेटात बसेल तेवढी मोठी, दोन बेडरूमची, हवेशीर. मग ती उभी कुठे करायची हे नंतर बघू म्हणतो. परदेशात ते चालतं, तिथे पैसे भरले की मरिनात जागा मिळते. कोचीला बोलगट्टीजवळ एक मरिना आहे. रत्नागिरीत मिऱ्या आहे, मिरकरवाडा आहे, भाट्याची खाडी आहे. म्हणजे नांगर, दोर आणि नशीब.

नांगराचं म्हणाल तर ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळाच्या दिवशी ‘बसरा स्टार’ नावाचं तेलवाहू जहाज नांगर ओढत आलं आणि मिऱ्याच्या किनाऱ्यावर चढलं. खलाशी वाचले. जहाज पुढे वर्षानुवर्षं तिथेच गंजत पडलं, लोक त्याच्यासमोर सेल्फी काढत राहिले. मीही काढलाय. एवढ्या जहाजाचा नांगर जिथे टिकला नाही, तिथे माझा बोटभर जाडीचा साखळदंड काय करणार?

इथे कुणीतरी ‘म्हादेई’चं नाव काढतंच. छप्पन्न फुटांची ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली. दिलीप दोंदे तिच्यावरून एकट्यानं जगाला वळसा घालून आले, नंतर अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. अभिमान आहेच. पण ती दक्षिण महासागर ओलांडायला बांधलेली बोट आहे, खाडीत झूम मीटिंग घ्यायला नाही. आणि तारखा बघा: दोंदे मुंबईहून निघाले १९ ऑगस्ट २००९ला आणि परतले १९ मे २०१०ला. दक्षिणेकडचा उन्हाळा गाठायचा होता म्हणून तसं, मान्य. तरी वेळापत्रक अगदी आपल्या मच्छीमारांचं!

मच्छीमार जूनच्या आधी होड्या वर ओढतात, झापांनी शाकारतात आणि घरी येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदीच असते, पण सरकारी कागद यायच्या कितीतरी आधीपासून ही रीत आहे. हजार वर्षं समुद्रावर पोट असलेली माणसं जे करत नाहीत ते आपण लाइफस्टाइल म्हणून करणार?

कायम राहायचंच असेल तर बोट खाडीत आत न्यावी लागेल, आणि तिथे प्रश्न चिखलाचा. उधाणाच्या वेळी पाणी दोन मीटरच्या वर चढतं-उतरतं. माझ्या यादीतल्या चाळीस फुटी सुंदरीचा कणा पाण्याखाली सहा फूट जातो. ओहोटीला ती आडवी होणार, आणि तिच्यातला मी, फ्रीज, लॅपटॉप सगळं एका बाजूला. दोन कणे असलेली छोटी बोट चिखलावर सरळ बसते. कॅटमरानही बसते, ते नाकारत नाही. पण बावीस फूट रुंदीचं ते धूड पावसाआधी कुठल्या धक्क्यावरून वर ओढणार?

विजेचा हिशोबही मी उन्हाळ्यातच केला होता. लॅपटॉप, पंखा, राउटर, छोटा फ्रीज मिळून दिवसाला साधारण एक युनिट. चारशे वॅटची पॅनेल एप्रिलमध्ये ते हसत देतात. जुलैत सलग चार दिवस आभाळ फाटलेलं असताना त्याच्या पाव भागही मिळणार नाही. स्टँडअपला ‘नेटवर्क इश्यू’ म्हणून किती दिवस सांगणार?

मला सर्वांत जास्त टोचलं ते वेगळंच. बोटीवर राहणारी माणसं मिरकरवाड्यात आधीपासून आहेत. नेपाळहून आलेले खलाशी ऑगस्ट ते मे ट्रॉलरवरच झोपतात, स्टोव्हवर भात टाकतात, बादलीभर गोड्या पाण्यात अंघोळ उरकतात. त्यांना कुणी मिनिमलिस्ट म्हणत नाही. त्यांना विचारलं असतं तर शीटमधले नऊ कॉलम पहिल्याच दिवशी उडाले असते. मी दीड वर्षात एकदाही विचारलं नव्हतं.

आता शीटमध्ये पाच कॉलम उरलेत. पाण्याखाली किती जाते, चिखलावर सरळ बसते का, डोलकाठी झोपवता येते का, फुटली तर इथला फायबरचा कारागीर जोडू शकेल का, आणि मे अखेरीला चार माणसं आणि एक ट्रॅक्टर तिला वर ओढू शकतील का. चाळीस फुटी सुंदरी गेली. सव्वीस फुटांची एक जुनी, वाकून आत शिरावं लागणारी बोट उरली आहे. सप्टेंबर अखेर ते मे तिच्यावर, बाकीचे महिने आईच्या हातचं. ‘फुल टाइम’ हा शब्द मी खोडला.

तांडेलमामांना मेसेज केलाय, त्यांच्या होडीशेजारी झापाखाली सव्वीस फुटांची जागा होईल का म्हणून. निळ्या टिका आल्यात, उत्तर यायचंय.