वाड्यांची दफ्तरे वाड्यांतच नांदावीत




सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांचे पुढे काय करावे, हा प्रश्न निघाला की दोन उपाय तत्काळ सुचविले जातात : वाडा एखाद्या व्यावसायिकाच्या हवाली करून तेथे प्रवाशांसाठी हॉटेल काढावे, किंवा आतील चित्रे, शस्त्रे आणि कागद पुण्यामुंबईच्या मोठ्या संग्रहालयांत नेऊन रित्या भिंती काळाच्या स्वाधीन कराव्यात. पहिल्या उपायाने वाडा टिकतो, पण त्याची देवडी गावाला बंद होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. दुसरा उपाय सुज्ञ माणसांनाही पटतो, आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद करण्यासाठी हा पत्रप्रपंच.

हा प्रयोग साताऱ्याने एकदा अनुभवलेला आहे. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर खपून जमविलेले मराठी राज्याचे कागद, चित्रे आणि वस्तू यांचे ऐतिहासिक संग्रहालय १९२५ साली साताऱ्यात उभे राहिले; पुढच्याच वर्षी ते निवर्तले, आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे त्याची निगा राखली गेली आणि संशोधकांना त्याचा लाभ झाला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु नाना फडणिसांच्या मेणवलीच्या दफ्तरातील कागदही त्याच संग्रहाबरोबर गेले, आणि आज वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीचा वाडा आपल्या घाटासह सुस्थितीत उभा असूनही, ज्या लेखणीने हिंदुस्थानभरची राजकारणे चालविली तिचे एक अक्षरही तेथे येणाऱ्या शाळकरी मुलाच्या दृष्टीस पडत नाही. तो घाट पाहतो, चित्रपटात ही जागा पाहिल्याचे त्याला आठवते, आणि तो परत फिरतो. वास्तू आणि दफ्तर यांची ताटातूट झाली म्हणजे वास्तू मुकी होते आणि दफ्तर पोरके होते.

याच्या उलट औंधकडे पाहावे. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रसारक. १९३९ च्या सुमारास महात्माजींच्या सल्ल्याने आपली सत्ता रयतेच्या हाती सोपविणाऱ्या या राजाने, यमाईच्या डोंगरावर १९३८ साली जे संग्रहालय स्थापिले त्यासाठी आपल्या राजवाड्याचे दालन न वापरता स्वतंत्र इमारत बांधली, आणि ती मुंबईत किंवा पुण्यात न बांधता खटाव तालुक्यातील आपल्या दुष्काळी गावी बांधली. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे तेथे आहेत. हेन्‍री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे शिल्पही तेथेच आहे. लंडनच्या कलारसिकांनी हेवा करावा अशी ही वस्तू माणदेशच्या उंबरठ्यावर राहते, ही योग्य गोष्ट आहे. राजाच्या संग्रहावर पहिला हक्क ज्यांच्या साऱ्यावर संस्थान चालले त्यांचा, अशी त्या योजनेमागील भूमिका मला दिसते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५१ साली राजेसाहेब गेले, तरी संग्रह फुटला नाही. आज तो राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.

मात्र वाड्यात केवळ धन्याचीच हकीकत सांगावी, हे मला मान्य नाही. साताऱ्याच्या जुन्या राजवाड्याशी छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे नाव निगडित आहे, हे सर्वांस ठाऊक असते; पण ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले ती शाळा याच राजवाड्यात भरत होती, हे तेथे उभ्या राहणाऱ्या किती जणांस ठाऊक आहे? त्या वास्तूचे संग्रहालय करावयाचे झाल्यास सिंहासनाची आणि शाळेच्या पटावरील त्या नोंदीची प्रतिष्ठा सारखीच असावी. सांगलीकर पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगले, ते सांगताना नाटकमंडळीतील साध्या नटांचीही आठवण निघावी. इनामे आणि वतने कोणत्या गावांच्या वसुलावर पोसली गेली, पागा, माजघर आणि मुदपाकखाना कोणाच्या श्रमांवर चालला, गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत कितीएक घरांची कशी राख झाली, हेही वाड्यांत स्पष्ट लिहिलेले असावे. इंग्लंडातही १९३७ च्या कायद्यापासून उमरावांची ग्रामीण घरे नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात येऊ लागली आणि मूळ कुटुंबांना तेथे राहण्याची मुभा मिळाली. त्याच संस्थेने २०२० साली आपल्या ९३ वास्तूंचा वसाहतवाद आणि गुलामगिरी यांच्याशी असलेला संबंध प्रसिद्ध केला. त्यावर तेथे मोठा गदारोळ झाला, तरी संस्थेने सत्य सांगितले, याबद्दल तिचा आदरच वाटतो.

कुटुंबाला राहू द्यावे आणि वास्तू लोकांसाठी राखावी, ही इंग्लंडातील तजवीज आपल्याकडेही करण्याजोगी आहे. वाड्याचे वारस बहुधा निर्धन असतात. छपराची कौले फिरविण्याइतकाही पैसा नसताना, भाऊबंदकीच्या दाव्यांत अडकलेले हे लोक अखेर तुळया आणि कोरीव खांब भंगारवाल्यास विकतात. त्यांना दोष देण्यापेक्षा, वर्षाकाठी ठराविक दिवस वाडा लोकांस खुला ठेवण्याच्या अटीवर शासनाने दुरुस्तीस अनुदान द्यावे. पुण्यास गेलेल्या कागदांच्या उत्तम छायाप्रती मूळ गावी परत याव्यात आणि मोडी वाचणारा एक तरी तरुण तेथे वेतनावर नेमला जावा. सांगलीत तर २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिल्यावर, कृष्णाकाठच्या वास्तूंतील कागद तळमजल्यावर ठेवणे हा अक्षम्य हलगर्जीपणा ठरेल.

दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांस माझी विनंती आहे की, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी उभ्या असलेल्या वाड्यांची आणि त्यांतील दफ्तरांची तालुकावार याद करवून ती प्रसिद्ध करावी. आणि ज्या वाचकांच्या घरी जुन्या कागदांचे रुमाल बांधून पडले असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयास एकदा दाखवावेत.

आपला नम्र,
एक सातारकर वाचक