पंधरा दिवसांची नोकरी सांगावी की गाळावी?

या पानावर आपण एरवी भाताचे बियाणे, केळीवरील रोग आणि पीकविमा यांबद्दल बोलतो. आज ट्रकच्या स्टिअरिंगबद्दल बोलायचे आहे. विषय परका वाटेल, पण तो आपल्याच ओटीवरचा आहे. वसई-विरार भागात शेतजमीन आक्रसत चालली आहे. वाडी भावाभावांत वाटली गेली, काही विकली गेली, आणि घरातला एक मुलगा गाडीवर गेला. कोणी पहाटे भाजी, केळीची पाने, सोनचाफा घेऊन टेम्पोने दादर गाठतो. कोणी वालीव, सातिवलीच्या कारखान्यांचा माल वाहतो, तर कोणी चिंचोटी-कामण मार्गे भिवंडीच्या गोदामांच्या फेऱ्या करतो.

या मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "साहेब, मधे एका ठिकाणी पंधराच दिवस काम केले. नवीन अर्जात ते लिहायचे की नाही?" गावातले जाणते म्हणतात, "गाळून टाक. शेठ म्हणेल, पोरगा टिकत नाही." दुसरे म्हणतात, "सगळे खरे सांग, पुढे लफडे नको." दोन्ही सल्ले मायेपोटीच दिले जातात, पण दोन्ही अर्धेच आहेत.

मुळात अशा अल्पकाळच्या नोकऱ्या होतात कशा, ते आधी पाहू. पहिला प्रकार चाचणीचा. शेठ म्हणतो, दोन खेपा मारून दाखव, मग बघू. दुसरा हंगामी कामाचा. भातकापणी झाली, वीटभट्टी बंद झाली, फळांचा हंगाम सरला, की गाडी उभी आणि ड्रायव्हर घरी. २०२१-२२ च्या एसटी संपात महामंडळाने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी चालक घेतले होते. संप मिटल्यावर त्यांची गरज सरली. यात चालकाचा काय दोष? तिसरा प्रकार भांडणाचा. ठरलेला भत्ता दिला नाही, मूळ परवाना अडकवून ठेवला, किंवा क्षमतेपेक्षा जास्त माल भरायला लावला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि तो गाडी चालवणाऱ्यालाही लागू शकतो. अशी गाडी सोडणारा मुलगा पळपुटा नव्हे, शहाणा. चौथा प्रकार मात्र वेगळा. अपघात झाला, माल कमी भरला, किंवा उचल घेऊन ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी गायब झाला.

शेठच्या मनातली भीती या चौथ्या प्रकाराची असते, आणि तिची शिक्षा पहिल्या तिघांना भोगावी लागते. लपवाछपवीने ही भीती कमी होत नाही, वाढते.

म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो. अर्जात 'यापूर्वीच्या सर्व नोकऱ्या' असा रकाना असेल, तर पंधरा दिवसांचीही लिहा. खाली 'वरील माहिती खरी आहे' असे छापलेले असते आणि त्यावर तुमची सही असते. ती खोटी निघाली तर चांगली चाललेली नोकरीही जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितले की, नोकरीसाठी दिलेली माहिती खरी असावी, काही दडवू नये. ते प्रकरण गुन्ह्यांच्या माहितीविषयी होते, पण त्यातला बोध आपल्यालाही लागू आहे. त्याच निकालात मालकानेही क्षुल्लक बाबीचा बाऊ न करता तारतम्य ठेवावे, असा भाव आहे.

रकानाच नसेल, तोंडी विचारणाही नसेल, तर दोन खेपांची चाचणी आपणहून सांगत बसण्याची गरज नाही. मात्र त्या दोन खेपांत अपघात किंवा पोलीस तक्रार झाली असेल, तर ती आधी सांगा. आणि मधले दिवस भरून काढायला जुन्या नोकरीच्या तारखा पुढे-मागे ओढू नका. ओळखीच्या शेठकडून अनुभवाचा खोटा दाखला तर मुळीच आणू नका.

लपवून लपतेच असेही नाही. ज्या कंपनीत भविष्य निर्वाह निधी कापला जातो, तिथे २०१४ पासून कामगाराला एकच कायम क्रमांक असतो. कुठे कधी लागला, कधी सुटला, ते त्यात दिसते. जुन्या मालकाने सुटल्याची तारीख भरली नसेल, तर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः ती भरू शकता. अमेरिकेत जड वाहनाच्या चालकाला अर्जात मागील ३ वर्षांचे सगळे मालक लिहावे लागतात, आणि मोठ्या गाड्यांच्या परवानाधारकाला वाहन चालवण्याच्या नोकऱ्या एकूण १० वर्षांच्या. तिथे पंधरा दिवसांनाही सूट नाही. आपल्याकडे खासगी ट्रकसाठी असा नियम नसल्याने सारा कारभार तोंडी चालतो.

आता टेम्पो-पिकअप बाळगणाऱ्या शेतकऱ्यांना दोन शब्द, कारण तुम्हीही कुणाचे तरी शेठ आहात. मुलाने खरे सांगितले म्हणून त्याला दारातून परत पाठवाल, तर पुढचा खोटेच सांगेल. 'का सोडलीस?' एवढे विचारा आणि उत्तर नीट ऐका. २००३ च्या लेहरू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकाकडून माफक अपेक्षा ठेवली. परवाना पाहावा, तो वरकरणी खरा दिसतो का बघावे, आणि माणसाला गाडी चालवता येते याची खात्री करावी. तेवढे चुकवू नका. परवाना त्या गाडीसाठी योग्य नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी भरपाईची रक्कम तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते, आणि मग वाडी विकायची वेळ येते. मूळ परवाना मात्र अडकवून ठेवू नका. छायाप्रत पुरते.

चालक मुलांनी एक साधी वही ठेवावी. तारीख, गाडी क्रमांक, मालक, काम सोडण्याचे कारण. सुटताना मालकाकडून दोन ओळींची चिठ्ठी मागावी. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे. ते हक्काने मागा. अर्जात कारण एका ओळीत लिहा. 'हंगाम संपला', 'जादा मालाबाबत मतभेद'. शेठची निंदा नको, रडगाणेही नको.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी एवढे करावे. वर्तणुकीबद्दल लिहून देताना जे ठाऊक आहे तेच लिहावे, अनुभवाची हमी देऊ नये. एखाद्या ग्रामसभेत हा विषय घेऊन गावातल्या टेम्पोमालकांना आणि चालकांना समोरासमोर बसवावे. बियाणे घेताना आपण पिशवीवरची चिठ्ठी वाचतो आणि उगवण तपासतो. माणसाच्या बाबतीतही तेच करू या. चिठ्ठी खरी असावी, आणि नुसती चिठ्ठी पाहून पिशवी फेकू नये.