आरतीच्या तालावर दिवे

गणपती आता दीड महिन्यावर आले. मागच्या वेळी या सदरात पितळी भांडी लख्ख करण्याविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एका पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या: "हल्ली मंडळांच्या गणपतीपुढे गाण्याच्या तालावर नाचणारे दिवे असतात. तसं काही घरच्या मखराला जमतं का? की ते काम मांडववाल्यांचंच?"

घरी जमतं. गेल्या वर्षी आमच्या घरी आम्ही ते केलं. मात्र ते शोभेसाठी केलं नव्हतं, म्हणून आधी कारण सांगते आणि मग कृती.

आमच्या सासूबाईंना तीन-चार वर्षांपासून ऐकू फार कमी येतं. कानाचं यंत्र आहे, पण घरात दहा माणसं जमून टाळ-घंटा सुरू झाली की त्यात नुसता कलकलाट ऐकू येतो म्हणतात. यंत्र काढून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी आरती संपली, सगळ्यांचे हात थांबले आणि त्या डोळे मिटून टाळ्या वाजवतच राहिल्या. मुलं हसली. मुलंच ती, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून आरतीच्या वेळी सासूबाईंना परसातली फुलं आठवायला लागली, नाहीतर वाती वळायच्या राहिलेल्या असायच्या. ज्या बाईनं चाळीस वर्षं या घरची आरती सुरू केली, ती दहा दिवस आरतीला आली नाही. मला ते फार लागलं.

संभाजीनगरला पॉलिटेक्निकला शिकणारा माझा पुतण्या सुट्टीत आला होता. त्याच्याकडे मन मोकळं केलं, तर म्हणाला, "काकू, आजीला ऐकू येत नाही, पण दिसतं ना? ठेका दिव्यांनी दाखवू."

आमच्या वेरूळला दिव्यांच्या वेळापत्रकाचं खरं म्हणजे नवल वाटू नये. इथलं दहा क्रमांकाचं लेणं, ज्याला आपण सुताराचं झोपडं म्हणतो, त्यात दरवर्षी मार्च महिन्यात काही दिवस मावळतीचं ऊन दर्शनी खिडकीतून थेट आत जातं आणि बुद्धमूर्तीच्या मुखावर पडतं. कुणी बटण दाबत नाही. माणसांनी दिवे आणि आवाज यांची सांगड घालून पहिला खेळ केला तो १९५२ साली, फ्रान्समधल्या शांबोर नावाच्या राजवाड्यात. आपल्याकडे दिल्लीच्या लाल किल्ल्यात १९६५ पासून तसा कार्यक्रम होऊ लागला. तेव्हा त्याला खोलीभर यंत्रं आणि माणसं लागत. आज तेच काम पत्त्याच्या कॅटएवढी डबी करते.

बाजारात या डब्या दोन जातींच्या मिळतात. पहिल्या जातीत छोटा माइक असतो. आवाज झाला की दिवे उसळतात. स्वस्त आणि सोपी. आम्ही आधी तीच आणली. पण तिला आरती आणि कुकरची शिट्टी यांतला फरक कळत नाही. मुलं ओरडली की दिवे नाचतात, फटाका वाजला की नाचतात आणि सगळे हळू गायला लागले की मिणमिणतात. नुसती गंमत हवी असेल तर ही पुरे. ठेका दाखवायला निरुपयोगी.

दुसऱ्या जातीत माइक नसतो. कोणत्या क्षणी कोणता दिवा कोणत्या रंगाचा, हे आधीच ठरवून कार्डावर भरायचं. त्याच कार्डावर आवाजही असतो. डबी दोन्ही एकाच वेळी सुरू करते, म्हणून ताल चुकत नाही. एकदा भरलं की कॉम्प्युटर बाजूला ठेवला तरी चालतं, डबी एकटीच सगळं पाहते. आम्ही रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कॉम्प्युटर घेतला, दिव्यांना जोडायचं बोर्ड त्यावर बसवलं आणि आत फाल्कन प्लेअर हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घातला.

इथे पहिली अडचण आली ती आमच्याच गाण्याची. घरची आरती म्हणजे प्रत्येक कडव्याला वेग वाढत जाणारी! दिवे मात्र ठरल्या वेगानंच जाणार. म्हणून एका रविवारी दारं-खिडक्या लावून आम्ही आमचीच आरती फोनवर रेकॉर्ड केली. मी म्हटलं, पुतण्यानं टाळ धरला. चार मिनिटांची झाली. आता आरतीच्या वेळी हे रेकॉर्डिंग लागतं आणि सगळे त्याच्याबरोबर म्हणतात. बाजारातली कॅसेट-सीडी लावण्यापेक्षा हे बरं, कारण चाल आणि पट्टी आपल्या घरची राहते.

मग दिवे मांडणं. त्यासाठी एक्सलाइट्स नावाचा, हाही फुकटच मिळणारा, प्रोग्रॅम घरच्या कॉम्प्युटरवर घेतला. गाणं चालू असताना प्रत्येक टाळीला एक कळ दाबायची, की पडद्यावर तिथे खूण पडते. दोन-तीन वेळा ऐकून खुणा नीट जागेवर सरकवायच्या. पुतण्यानं मग त्या खुणांवर इंद्रधनुष्य, लाटा, चक्रं असं सगळं उधळलं. दिसायला सुरेख! सासूबाईंना दाखवलं. त्या दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चांगलंय रे बाबा. पण टाळी कुठं वाजवायची?"

त्या एका वाक्यानं सगळं पुसून पुन्हा मांडलं. आता फक्त दोन खुणा. टाळीला मखराच्या दोन्ही खांबांवरचे पिवळे दिवे लागतात. कडवं संपत आलं की निळा प्रकाश खालून वर चढतो आणि वर पोचला की विझतो. शेवटच्या कडव्याला तो पांढरा होतो, म्हणजे आता थांबायचं. बाकी दिवे मंद केशरी, हलत नाहीत. पाककृतीत मसाले वाढले की मूळ चव हरवते, तसंच हे.

आता ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी साहित्य. या दिव्यांची माळ साधी नसते. प्रत्येक बल्बात एक चिमुकली चिप असते आणि तिला वेगळा हुकूम देता येतो. दुकानात पिक्सेलची माळ म्हणून मागा. एका माळेत ५० बल्ब येतात. आम्ही ४ माळा, म्हणजे २०० बल्ब घेतले. ५ व्होल्टचा एक बल्ब पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर वीज घेतो, म्हणजे २०० बल्बांना १२ अँपिअर. पॉवर सप्लाय नेहमी थोडा मोठा घ्यावा, आम्ही १५ अँपिअरचा घेतला. वीजबिलाची धास्ती नको. सगळे दिवे पूर्ण तेजात रोज २ तास जळले तरी दहा दिवसांत सव्वा युनिटच्या आतच राहतात. आणि पूर्ण तेजात लावायचेही नाहीत. घरात तिसरा हिस्सा तेज पुरतं, नाहीतर मूर्तीकडे बघवत नाही.

कार्डही मोठं नको. प्रत्येक बल्बाचे तीन रंग, म्हणजे २०० बल्बांना ६०० आकडे. ते सेकंदाला २० वेळा बदलले तरी चार मिनिटांच्या आरतीची फाइल एखाद्या फोटोएवढीच होते.

माळ जोडताना दोन गोष्टी. माळेला दिशा असते, तिच्यावरचा बाण डबीपासून पुढे जाणारा हवा. उलटी जोडलीत तर एकही दिवा लागणार नाही आणि तुम्ही उगाच दुकानदाराला बोल लावाल. मधला एखादा बल्ब बिघडला तर त्याच्यापुढचे सगळे मुके होतात, तेव्हा पहिला न पेटणारा बल्ब आणि त्याच्या आधीचा, हे दोन तपासा. माळेच्या टोकाचे दिवे पांढऱ्याऐवजी पिवळट-लालसर दिसले, तर वीज तिथवर पुरत नाही असं समजा आणि दुसऱ्या टोकालाही पॉवर सप्लायच्या तारा द्या.

आवाजासाठी स्पीकर तारेनं जोडा. बिनतारी स्पीकर लावला तेव्हा टाळी आधी दिसायची आणि मागून ऐकू यायची. तो उशीर सेकंदाच्या छोट्याशा भागाचाच, पण सगळी मेहनत वाया घालवणारा.

आता वेळापत्रक. आम्हाला रोज कुणी बटण दाबायला नको होतं, कारण त्या वेळी माझे हात नैवेद्यात असतात आणि यांचं दुकान श्रावण-भाद्रपदात घृष्णेश्वराच्या गर्दीमुळे उशिरा बंद होतं. डबीत चार गोष्टी भरायच्या: काय वाजवायचं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद. आमची ७ वाजता नुसती मंद रोषणाई, साडेसातला आरती, पुन्हा रोषणाई आणि साडेनऊला सगळं बंद. दोन वेळा एकमेकींवर आल्या तर यादीत जी वर ती चालते, म्हणून आरती वर लिहायची. बंद करण्याचेही दोन प्रकार आहेत: वेळ झाली की तोडायचं, किंवा चालू असलेलं पुरं करून थांबायचं. आरतीला दुसराच प्रकार निवडा. अर्धवट तुटलेली आरती कुणाला आवडेल?

एवढी सगळी जय्यत तयारी झाली. स्थापनेच्या दिवशी दुपारी वीज गेली ती जवळपास तासाभरानं आली. इकडे त्याचं कुणाला काय! संध्याकाळी सगळे जमले. सासूबाई मुद्दाम नवं लुगडं नेसून पाटावर बसल्या होत्या, हात जुळवून. साडेसात झाले. पावणेआठ झाले. दिवे नाहीत, आवाज नाही. पुतण्या आदल्या दिवशीच परत गेलेला. मला घाम फुटला. शेवटी निरांजन लावलं, तोंडानंच आरती सुरू केली आणि सासूबाईंशेजारी बसून त्यांचा तळहात माझ्या हातात घेऊन ठेका देत राहिले. सगळी आरती तशीच झाली आणि त्या एकदाही चुकल्या नाहीत. नंतर पुऱ्या तळताना मी म्हटलं, "आई, त्या डबीचा खटाटोप उगाच केला बघा. हात धरला तरी पुरतंय की."

तर त्या म्हणाल्या, "अगं, माझा हात धरून बसलीस तर तुझ्या टाळ्या कोण वाजवणार? आणि उद्या तू सैपाकात असशील तेव्हा?"

आरती संपून प्रसाद वाटून झाला आणि तासाभरानं दिवे आपोआप लागून आरती सुरू झाली! तेव्हा उलगडा झाला. या डबीच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी नव्हती. इंटरनेट असेल तर ती वेळ तिथून घेते, आमच्या देवघरात ते नव्हतं. वीज गेली की घड्याळ थांबतं आणि आल्यावर जिथे होतं तिथूनच, किंवा त्याच्याही मागून, चालू लागतं. पुतण्यानं फोनवर सांगितलं तसं दुसऱ्या दिवशी बटणासारखा सेल असलेलं छोटं घड्याळ आणून डबीत बसवलं. त्यानंतर नऊ दिवस डबी मिनिटाला चुकली नाही. तिसऱ्या दिवशी आरती संपताना पांढरा प्रकाश विझला, सगळ्यांचे हात थांबले आणि सासूबाईंचेही थांबले. आमचा धाकटा मात्र वाजवतच राहिला. त्या त्याच्याकडे बघून खुदकन हसल्या. आता पूर्वीसारखी आरतीची पहिली ओळ त्याच सुरू करतात, पिवळे दिवे बघून.

करण्याआधी या सूचना वाचा:

१. डबीत भारताची वेळ निवडली आहे ना, हे पाहा. नाहीतर सगळं साडेपाच तासांनी चुकेल.

२. घड्याळाचा सेल हवाच. सगळं झाल्यावर मुद्दाम अर्धा तास वीज बंद करून पाहा. स्थापनेच्या आधी, नंतर नव्हे.

३. एकाएकी वीज गेली की कार्ड खराब होऊ शकतं. त्याची दुसरी प्रत करून डब्यात ठेवा.

४. दिवे सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकवू नका. फिट येणाऱ्या माणसांना त्याचा त्रास होतो. १९९७ साली जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लखलखाटानं सहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. घरी येणाऱ्या कुणाला असा त्रास असेल तर आधीच विचारून घ्या.

५. पॉवर सप्लायच्या २३० व्होल्टच्या बाजूला हात लागेल अशी जागा ठेवू नका. ती जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, अर्थिंगसह. वर कापड गुंडाळू नका, हवा लागली पाहिजे. अभिषेकाचं पाणी आणि निरांजन त्यापासून लांब ठेवा.

६. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला कायद्यानंच मनाई आहे. घरच्या स्पीकरनं त्याआधीच थांबलेलं बरं. शेजारी कुणी दहावीचं असतं, कुणी आजारी असतं.

७. गणपती गेले की माळा पुसून सैलसर गुंडाळून ठेवा. घट्ट पीळ दिला की बल्बाच्या बुडाशी तार तुटते.

ज्यांना एवढं सगळं जमणार नाही त्यांनी निदान साधा टायमर असलेला प्लग घ्यावा. तो ताल धरणार नाही, पण सातला दिवे लावून साडेनऊला बंद करील आणि पाहुण्यांच्या गडबडीत तेही थोडं नाही. कुणी दुसऱ्या पद्धतीनं केलं असेल तर जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात गौरींच्या साड्यांवरचे तेलाचे डाग.