भाडेकरूची पडताळणी झाली, वायरिंगची कधी?

आसनगावात खोली भाड्याने घ्यायची तर आधार कार्ड द्या, फोटो द्या, नोकरीचं किंवा कॉलेजचं ओळखपत्र द्या, डिपॉझिट भरा, पोलिसांकडे माहिती जाऊ द्या. नाव मुस्लिम असेल तर वर आणखी दोन-चार प्रश्न. तुम्ही कोण, कुठले, किती जण राहणार, सगळं तपासलं जातं. ज्या भिंतीला टेकून तुम्ही झोपणार, तिच्यातल्या वायरी शेवटच्या कधी तपासल्या, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. भाडेकरूची पडताळणी होते, तर भाड्याच्या घराच्या वायरिंगचीही सक्तीने व्हायला हवी.

आसनगाव कसारा मार्गावर. कल्याणच्या पुढे भाडं परवडतं म्हणून लोकलने नोकरीला जाणारे, इथल्या कारखान्यांतले कामगार, इंजिनिअरिंगची मुलं इथे राहतात. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घराच्या चार खोल्या होतात, पण मेन वायर तीच राहते. तिच्यावर चार गीझर, चार इस्त्र्या. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात तांब्याची जाड तार. वर शहापूर तालुक्यातला पाऊस आणि ओल धरलेल्या भिंती. बोर्डाला तीन भोकं असतात, पण अर्थिंगची वायर तिथवर आलेलीच नसते.

‘एमसीबी बसवलाय की,’ असं मालक सांगतात. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाचा जीव जायला शंभरही पुरे होतात. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात पुरवठा तोडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात वर्षाला बारा हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्याने मरतात. ओल्या हाताने गीझरला हात लावलेल्या माणसाला आपण ‘त्याचं नशीब’ म्हणून दफन करतो.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी चालू जोडण्यांच्या तपासणीला पाच वर्षांची मुदत घातली होती. २०२३ मध्ये नवे नियम आले. पण लहान जोडण्यांची भिस्त मालकाच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर आहे, आणि घर भाड्याने देताना ते दाखवायला कोणी सांगत नाही. इंग्लंडने २०२० मध्ये नेमकी हीच फट बुजवली. तिथे घरमालकाला किमान दर पाच वर्षांनी जाणकाराकडून वायरिंग तपासून घ्यावी लागते, नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी अहवाल द्यावा लागतो, दोष निघाले तर साधारणपणे २८ दिवसांत दुरुस्ती करावी लागते. टाळाटाळ केली तर त्या नियमांत ३०,००० पौंडांपर्यंत दंड होता.

आपल्याकडे म्हणतील, भाडं वाढेल. समजा तपासणी आणि आरसीसीबी मिळून सहा हजार रुपये लागले. पाच वर्षांचे साठ महिने, म्हणजे महिन्याला शंभर रुपये, तेही सगळ्या खोल्यांत वाटून. म्हणतील, हे महावितरणचं काम. मीटरच्या पुढची वायरिंग महावितरणची नसते. म्हणतील, प्रमाणपत्रं विकत मिळतील. काही मिळतीलही. पण कागदावर परवानाधारक कंत्राटदाराचं नाव आणि क्रमांक असला, तर अपघातानंतर जबाब विचारायला कोणीतरी असतं. आज कोणीच नसतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो; आमच्याकडे बटणाचा रंग बदलला तरी टेस्टिंग होतं. इथे तर बटणामागे २३० व्होल्ट आहेत.

आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. मुस्लिम तरुणाला खोली मिळेपर्यंत तीन-चार ठिकाणी नकार ऐकावा लागतो. मग मिळालेल्या खोलीत स्विच चटका देत असला तरी तो गप्प राहतो. तक्रार केली तर खोली जाईल. म्हणूनच तपासणी भाडेकरूच्या धाडसावर सोडता येत नाही. ती नियमानेच व्हायला हवी. आणि आपल्या मोहल्ल्यातले मालक काही वेगळे नाहीत. सबमीटरचं युनिट ते दर महिन्याला न चुकता वाचतात, अर्थिंगकडे मात्र कोणी बघत नाही. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून त्यांना सूट देऊ नका.

नियम येईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार जोडणी मागण्याचा हक्क मालकाइतकाच तिथे राहणाऱ्यालाही आहे; मालकाची ना-हरकत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. खोली बघायला जाल तेव्हा आरसीसीबी आहे का बघा आणि त्याचं टेस्ट बटण दाबा. वीज गेली नाही, तर तो बदलून मागा. अर्थिंग तपासून देण्याची मागणी मोबाइलवर लेखी करा. ग्रामसभेत हा विषय मांडा. आणि सरकारकडे एकच मागणी लावून धरा: भाडेकराराच्या नोंदणीला वायरिंगचा तपासणी अहवाल जोडल्याशिवाय नोंदणी नाही.

आमची कागदपत्रं तुम्ही बघितलीत. आता तुमच्या घराची दाखवा.