प्रश्न डाव्या पायाचा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस लालबागच्या सिग्नलवर माझा डावा पाय क्लचवरून सटकला. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. तिने हिसका दिला, हातभर पुढे उडी घेतली आणि बंद पडली. समोरून भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणारी एक बाई जागच्या जागी थबकली, तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता निघून गेली. तिने शिवी घातली असती तर बरे वाटले असते.

गुडघ्याने त्याआधी दोन वर्षे सूचना दिल्या होत्या. जिना उतरताना दुखायचे, पण चाळीत वाढलेल्या माणसाला जिन्याचे काय कौतुक, म्हणून मी दुर्लक्ष केले. गाडीत मात्र दुर्लक्ष करता येत नाही. चिंचपोकळीहून दादरला जायचे म्हणजे डॉ. आंबेडकर रस्त्यावर उड्डाणपुलाखाली क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा, हा जप चाललेलाच असतो. गणपतीच्या दिवसांत तर विचारूच नका. चिंतामणीच्या आगमनाच्या दिवशी गाडी बाहेर काढायची नसते, हे इथल्या पोरालाही कळते. पण एरवीचे दिवसही आता त्या दिवसापेक्षा फार वेगळे राहिलेले नाहीत.

सौ. म्हणाली, "अहो, गाडी विका नाहीतर गुडघा बदला." मला तिसरा मार्ग सुचला. गाडी चांगली आहे, इंजिन कुरकुरत नाही; मग नुसता गिअरबॉक्स बदलून ती ऑटोमॅटिक का करू नये? आमच्या जवळच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने बॉनेट उघडलेसुद्धा नाही. "काका, करून देणारा भेटेल तुम्हाला. पण मी करणार नाही, आणि तुम्हीही करू नका."

मला राग आला होता. घरी येऊन थोडी माहिती काढली तेव्हा तो बरोबर आहे हे पटले. आपल्याला वाटते, एक पेटी काढायची आणि दुसरी बसवायची. प्रत्यक्षात इंजिन आणि चाके यांच्यामधला सगळा संसारच बदलावा लागतो. क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर येतो, म्हणजे तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे पोचवणारे भांडे. मग जाड फ्लायव्हील जाऊन तिथे पातळ तबकडी येते. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची लांबी जुळत नाही. गिअरबॉक्सचे तेल तापते, म्हणून ते थंड करण्याची सोय करावी लागते. पेडल, गिअरचा दांडा, माउंटिंग, सगळे नवे. आणि हे सगळे जमले तरी आजच्या गाडीत इंजिनाचा संगणक असतो. गिअर केव्हा बदलायचा हे त्याने गिअरबॉक्सच्या संगणकाशी बोलून ठरवायचे असते. हे दोघे एकाच कारखान्यातले नसतील तर त्यांचे पटत नाही. शिवाय ऑटोमॅटिक गाडी 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'मध्ये असल्याखेरीज सुरूच होऊ नये, अशी तिच्यात सोय असते. घाईत केलेल्या कामात नेमकी हीच वायर राहून गेली, तर चावी फिरवताच गाडी समोरच्या भिंतीत जायची. जुन्या गाडीवर एवढा खर्च केल्यावर तिची पंधरा वर्षे भरली, की पुन्हा फिटनेस तपासणी आहेच.

कायद्याचे म्हणणेही त्या गॅरेजवाल्यासारखेच आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्याचे 52वे कलम सांगते, की नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्यात चूक काही नाही. आपल्याकडे हौशी मंडळी गाडीला काय काय चिकटवतात ते रस्त्यावर दिसतेच. आणि असा बदल न कळवता केला, की अपघातानंतर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

मात्र त्याच वर्षी कायद्यात एक चांगली दुरुस्ती झाली. शारीरिक अपंगत्व असलेल्या माणसासाठी गाडीत बदल करून घेता येतो आणि आरटीओची मंजुरी नंतर घेता येते. अर्थात बदल ठरवून दिलेल्या अटींत बसला पाहिजे. अशा माणसांसाठी गिअरबॉक्स बदलण्याचा उपद्व्याप करावा लागत नाही. गिअरचा दांडा तसाच ठेवून क्लच आपोआप दाबणारी यंत्रणा बसवतात, किंवा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताशी आणतात. पोलिओमुळे ज्याचा पाय लहानपणीच गेला, त्याला स्वतःची गाडी स्वतः चालवत ऑफिसला जाता येते. ही लहान गोष्ट नव्हे.

माझी तक्रार पुढची आहे. ज्याचा पाय गेला त्याच्यासाठी कायद्याने दार उघडले, आणि ज्याचा पाय हळूहळू जातो आहे तो मात्र बाहेरच उभा. साठी ओलांडलेल्या आणि गुडघे झिजलेल्या माणसाला अपंगत्वाचा दाखला मिळत नाही, आणि मिळाला असता तरी मागायला लाज वाटते. सगळ्यांना नवी गाडी घेणे परवडते असेही नाही. याच मुंबईत टॅक्सी पेट्रोल-डिझेलवरून सीएनजीवर गेल्या. खाजगी गाड्यांतही मान्यताप्राप्त किट बसवून घेता येते, नोंदणीपुस्तकात तशी नोंद होते आणि कुणाला त्यात वावगे वाटत नाही. डिकीत दाबाखालच्या गॅसची टाकी ठेवायला परवानगी मिळते, तर पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थेने तपासलेले क्लचचे किट दाखल्याशिवाय, साठीच्या पुढच्या कुणालाही का बसवता येऊ नये? यंत्र तपासा, बसवणारा तपासा, नोंद करा. माणसाला मात्र अपंग म्हणवून घ्यायला लावू नका.

हे सगळे सरकारवर ढकलून मोकळे होता आले असते. पण दोन वर्षे मी दुखता पाय क्लचवर का ठेवला, याचे उत्तर कायद्यात नाही. ते आमच्या पिढीच्या ऐटीत आहे. मी गाडी शिकलो ती प्रीमियर पद्मिनीवर. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, हात कुठे वर जातो, कुठे खाली येतो हे न बघता कळले पाहिजे. ज्याला ते जमले तो ड्रायव्हर. ऑटोमॅटिक म्हणजे ज्याला गाडी येत नाही त्याची सोय, असे आम्ही मानत आलो. 1984 साली बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, तेव्हाही 'बायकांची गाडी' म्हणून आम्ही हसलो होतो. आज रस्त्यावर बघावे तिकडे बिनगिअरच्याच स्कूटर, आणि त्यांवर बसलेल्या पुरुषांना कुणी हसत नाही.

मुळात आमच्या या रस्त्याला क्लचची गरज होतीच असेही नाही. 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. ती विजेवर चालायची. तिचा मोटरमन हातातला दांडा फिरवायचा, डावा पाय मोकळा. आज त्याच मुंबईत बेस्टच्या विजेच्या बसगाड्या धावतात, त्यांच्या ड्रायव्हरलाही क्लच नाही. मधल्या साठ वर्षांत मात्र किती बसचालकांचे गुडघे त्या जाडजूड पेडलवर झिजले असतील, याचा हिशेब कुणी ठेवला असेल असे वाटत नाही. असो.

शेवटी एक 'एएमटी' गाडी चालवून पाहिली. गंमत अशी, की ज्या कल्पनेवर गॅरेजवाल्याने मला परत पाठवले, साधारण तेच काम कारखान्यात होते. गिअरबॉक्स नेहमीचाच, त्यावर क्लच दाबणारे आणि गिअर टाकणारे यांत्रिक हात बसवलेले. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओत हा प्रकार आला, आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. गिअर बदलताना ती किंचित मान डोलावते. चढावर ब्रेक सोडल्यावर मागे घरंगळू शकते, हे लक्षात ठेवावे लागते. पण सगळ्यात मोठा धोका माझाच निघाला. सिग्नल आला, डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि सापडलेल्या रुंद ब्रेकवर सगळ्या जोराने पडला. गाडी जागच्या जागी खिळली, आणि मागच्याने हॉर्न वाजवून माझा उद्धार केला.

जुनी गाडी विकायला काढली आहे. नवी अजून घेतलेली नाही, भाच्याची मागून आणतो. रविवारी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना, साने गुरुजी मार्गावरून तुरुंगाच्या दिशेने जाऊन परत यायचे, असा आमचा सराव चालू आहे. सौ. शेजारी बसते. तिला गाडी चालवता येत नाही, पण सिग्नल दिसला की न चुकता म्हणते, "अहो, डावा पाय मागे घ्या."